कथा सुचत नाही? आधी घरातली भांडी वाचा

मे महिना लागला की मला फोन यायला लागतात. "ताई, यंदा कथा पाठवायचीच आहे, पण काही सुचतच नाही." मे महिन्यातच का, तर दिवाळी अंकांची जमवाजमव तेव्हा सुरू होते आणि पावसाळ्यात मजकूर हातात लागतो. ही चाल जुनी आहे. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने काढलेला दिवाळी अंक मराठीतला पहिला धरतात. तेव्हापासून पावसात कथा लिहायच्या आणि चकलीच्या तेलकट बोटांनी वाचायच्या, असं आपलं चाललंय. मी एका छोट्या अंकाकडे आलेल्या कथांची पहिली वाचक. पगार नाही, अंकाच्या दोन प्रती मिळतात. पण ते गठ्ठे वाचून एक गोष्ट कळली. ज्यांना 'सुचत नाही' त्यांच्याकडे विषयांचा तुटवडा कधीच नसतो. घोडं अडतं ते दुसरीकडे.

अजून एकही कथा पूर्ण झालेली नाही, किंवा एकदोन झाल्या आणि आता विहीर आटल्यासारखी वाटतेय, अशांसाठी हे लिहिते आहे.

पायरी पहिली: विषय सोडा, बीज धरा

वृद्धाश्रम हा विषय आहे. शेतकऱ्याचं कर्ज हा विषय आहे. परदेशी गेलेला मुलगा, मोबाइलमध्ये बुडालेलं घर, पावसात भेटलेली ती, हेही विषयच. गठ्ठ्यातल्या निम्म्याअधिक कथा यांच्यावरच असतात आणि पहिल्या पानावरच कळतं की लेखक दाराबाहेर उभा राहून बोलतोय. विषयाला दारच नसतं, मग आत शिरणार कुठून?

बीजाला दार असतं. 'वृद्धाश्रम' हे बीज नाही. पण हे बघा: एक बाई तीन वर्षं वृद्धाश्रमात राहतेय आणि घरची मोलकरीण अजूनही दर महिन्याच्या पाच तारखेला तिच्याकडे येऊन हिशेब देते, कारण सुनेला ती मालकीण मानत नाही. आता तुम्हाला प्रश्न पडायला लागले ना? सुनेला हे ठाऊक आहे का? पगार कोण देतं? बाई त्या पाच तारखेची वाट बघते की तिला ते नकोसं होतं? असे प्रश्न आपोआप पडायला लागले की समजायचं, हाताला बीज लागलं. जुने समीक्षक 'कथाबीज' म्हणायचे तो शब्द अगदी चपखल आहे. बीज मुठीत मावतं, विषय मावत नाही.

म्हणून पहिलं काम सोपं आहे. मनात जो विषय घोळतोय तो एका कागदावर लिहा आणि त्याखाली लिहा: कोण, कुठे, काय करतंय, आणि ते विचित्र का आहे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर तो कागद बाजूला ठेवून पुढची पायरी घ्या. उगाच झटापट करू नका.

पायरी दुसरी: घरातून सुरुवात करा, आणि खरोखर भांड्यांपासून

नवशिक्याला मी पहिला गृहपाठ हाच देते. स्वयंपाकघरातली आणि माळ्यावरची स्टीलची, पितळेची भांडी काढा आणि त्यांच्यावरची नावं वाचा. आपल्याकडे भांडं नुसतं देत नाहीत, दुकानात बसलेल्या माणसाकडून त्यावर नाव घालून देतात. त्याच्या हातातलं ते घर्र घर्र वाजणारं यंत्र ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटवत जातं: कोणाकडून, कोणाला, कशाप्रीत्यर्थ, कोणत्या तारखेला. वास्तुशांत, मुंज, डोहाळजेवण, साखरपुडा, निवृत्ती. प्रत्येक मराठी घरात असा हा धातूवर कोरलेला कौटुंबिक इतिहास पडून आहे आणि आपण त्यात डाळ भिजत घालतो.

माझ्या माहेरी एक डबा आहे. दोन किलो साखर मावेल एवढा, झाकण जरा सैल. त्यावर लिहिलंय: 'चि. सौ. कां.', पुढे खरवडलेली जागा, मग 'हिच्या विवाहाप्रीत्यर्थ, २-६-७४'. नाव कोणीतरी कानशीने घासून काढलंय. तारीख मात्र ठेवलीय. नीट प्रकाशात धरलं तर पहिलं अक्षर 'कु' असावं असं वाटतं. आमच्या घरात त्या तारखेला कोणाचं लग्न झालेलं नाही आणि 'कु'वरून नाव असलेलं कोणीच नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "तो वापरायला काढू नकोस. राहू दे तिथे."

इथे मी थांबले. पुढे एक शब्दही विचारला नाही. नवीन माणूस नेमका इथेच चुकतो. तो पुराणवस्तू खात्याचा अधिकारी असल्यासारखा मावशीला, आत्याला फोन लावतो, अख्खी हकीकत काढतो आणि मग कथा लिहायला बसला की त्या हकिकतीचा कारकून होतो. इंग्रजीत लिहिणारा हेन्री जेम्स हा मोठा कादंबरीकार. एका नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवताना शेजारच्या बाई बोलता बोलता एवढंच बोलून गेल्या की एक आई आणि तिचा एकुलता मुलगा वडिलांच्या पश्चात घरातल्या उंची सामानावरून भांडतायत. जेम्स लिहितो की ते पहिले दहा शब्द ऐकले तेव्हाच त्याला हवं ते मिळालं होतं. बाई पुढे तपशील सांगत राहिल्या तो सगळा त्याला निरुपयोगी वाटला. प्रत्यक्ष आयुष्य चांगली सुरुवात करून पुढे गोष्टीचं मातेरं करतं, अशी त्याची तक्रार होती. मला ती पटते. डब्याची खरी हकीकत बहुधा अगदी सपक असणार. भांडेवाल्याने चुकीचं नाव घातलं असेल आणि डबा स्वस्तात मिळाला असेल. ते मला कळलं असतं तर माझं नुकसान झालं असतं.

पायरी तिसरी: बीजाला तीन प्रश्न विचारा

डबाच पुढे नेऊ. तीन प्रश्न ठेवा हाताशी.

यात कोणाला काय बोलता येत नाहीये? आजच का? आणि हे सगळं कोणाच्या नजरेतून बघितलं तर सगळ्यात जास्त दुखेल?

पहिल्या फेरीत मला तीन वाटा दिसल्या. एक, नाव घालणाऱ्याची. सकाळी त्याने नाव घातलं आणि आठवड्याने तोच डबा परत आला, "हे नाव काढून द्या." तो म्हणतो, घातलेलं नाव निघत नाही, खरवडलेलं दिसणारच. वाट बरी आहे, पण नाव घालणाऱ्याचं यात काय जातं? काही नाही. तो साक्षीदार आहे. साक्षीदाराच्या तोंडून सांगितलेल्या कथा नवशिक्यांना फार आवडतात, कारण त्या सुरक्षित असतात. मी ही वाट सोडली.

दुसरी वाट नव्या सुनेची. मोडलेल्या लग्नासाठी आणलेला डबा वाया कसा घालवायचा, म्हणून नाव घासून तोच तिला आहेर म्हणून दिला. तिला पहिल्याच दिवशी कळतं. हिच्यात धग आहे. पण सासर वाईट, सून गरीब, या घसरगुंडीवर पाय ठेवला की शेवट आपोआप ठरतो, आणि शेवट आपोआप ठरणं हे बीज किडकं असल्याचं लक्षण.

तिसरी वाट अशी: 'कु' आता सत्तरीची आहे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला कोणाबरोबर तरी ती या घरी आलीय. हातात पन्ह्याचा पेला आहे. पन्हं जरा आंबट झालंय म्हणून घरची तरुण मुलगी आतून साखरेचा डबा घेऊन येते आणि तिच्यासमोर झाकण काढते.

इथे मला पुढे काय होतं ते ठाऊक नव्हतं आणि तरीही लिहायचं होतं. 'आजच का' याचं उत्तर मिळालं: पन्हं आंबट झालं म्हणून. 'काय बोलता येत नाही' याचंही मिळालं. ती भरल्या घरात सगळ्या बायकांसमोर "हा माझा डबा" असं म्हणू शकत नाही. आणि डोळे कोणाचे? डबा आणणाऱ्या मुलीचे नकोत, तिला काहीच माहीत नाही. डोळे घरातल्या थोरल्या बाईंचे हवेत, ज्यांनी तो डबा पन्नास वर्षं वापरायला काढू दिला नाही आणि आज कोणीतरी तो काढला. तिचं जास्त दुखतं. 'कु'ला निदान डबा दिसला. हिला तर आता 'कु'कडे बघायचंय.

हे सगळं मला एका बैठकीत सुचलं नाही. भांडी घासताना, रिक्षात, असं पाचसहा दिवसांत जमत गेलं. या काळात टेबलाशी बसू नका. हातांना काम द्या.

पायरी चौथी: कागद वाचायला शिका

घरातली भांडी संपली की कागदांकडे वळा. कल्पित कथा लिहिणाऱ्याला सरकारी आणि छापील कागदांइतका मोठा खजिना नाही, कारण या कागदांवर माणसं नाइलाजाने खरं बोलतात.

वर्तमानपत्रातली छोट्या अक्षरांतली जाहीर सूचना घ्या. 'माझा थोरला मुलगा माझ्या सांगण्याबाहेर गेला असून त्याच्याशी कोणीही आर्थिक व्यवहार करू नये, केल्यास मी जबाबदार राहणार नाही.' अशा सूचना तुम्ही शंभरदा बघितल्यात आणि पान उलटलंय. आता त्या बापाला जाहिरात एजन्सीच्या काउंटरवर उभा करा. जाहिरातीचे पैसे मजकुराच्या लांबीप्रमाणे लागतात. काउंटरवरचा मुलगा मदत करायला म्हणतो, "काका, 'थोरला' काढा, दोन पैसे वाचतील." बाप म्हणतो, "नको, धाकट्यालाही लोक तसंच समजतील." मग मुलगा म्हणतो, "बरं, मग नावच घाला." आणि बाप पेन हातात धरून उभा. सूचना द्यायला निघालेल्या माणसाला नाव लिहिताना हात थांबवता येईल की नाही, यावर अख्खी कथा उभी राहते. बाहेर मोटारसायकलवर धाकटा खोळंबलाय, हेही विसरू नका.

सातबारा हे माझं दुसरं आवडतं वाचन. गावाकडच्या वाचकांना हसू येईल, कारण त्यांना हे रोजचं आहे. पण शहरातल्या लेखकांनी आयुष्यात एकदा तरी आपल्या घराण्याचा जुना हस्तलिखित उतारा हातात घ्यावा. फेरफाराचे, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींचे, क्रमांक बघावेत, इतर हक्काच्या रकान्यात काय पडलंय ते बघावं. गेलेल्या किंवा हक्क सोडलेल्या माणसाचं नाव तिथे पुसत नाहीत, त्याला कंस करतात. आजोबा कंसात, मग वडील कंसात. आणि पाच भावंडांत तीन बहिणी एकाच दिवशी, एकाच फेरफाराने कंसात.

तो दिवस कोणता होता? २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला, ९ सप्टेंबर २००५ पासून. त्यामुळे घरोघरी हक्कसोडपत्राची गरज वाढली आणि बहिणींना आग्रहाची आमंत्रणं जायला लागली. दुय्यम निबंधक कार्यालयात बहिणीला छोट्या कॅमेऱ्यासमोर बसवतात, अंगठा घेतात. भावाने तिला न्यायला गाडी पाठवलीय, आधी बासुंदीचं जेवण झालंय, साडी घेतलीय. कॅमेऱ्यामागचा मुलगा सवयीने सांगतो, "ताई, जरा इकडे बघा." ती कुठे बघते? एवढं एक ठरवा आणि लिहायला लागा. एक सावधगिरी मात्र ठेवा. कायदा काय म्हणतो हे कथेत समजावून सांगायला जाऊ नका. बासुंदीची चव सांगा.

याशिवाय लग्नपत्रिका (कोणाचं नाव निमंत्रकांत आहे, कोणाचं नाही), मयताच्या पहिल्या वर्षश्राद्धाला छापलेले फोटो, सोसायटीच्या फलकावरची थकबाकीदारांची यादी, शाळेच्या दाखल्यावरचा 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना. यादी तुम्हीच वाढवा.

पायरी पाचवी: कान उघडे, तोंड बंद

वही ठेवा हे सगळेच सांगतात. काय लिहायचं ते कोणी सांगत नाही. नवशिक्यांच्या वह्या मी बघितल्यात. त्यात असतं, 'आज बसमध्ये एक दुःखी म्हातारा दिसला.' याचा उपयोग शून्य. दुःखी हे तुमचं मत झालं, आणि सहा महिन्यांनी ते मत वाचून तुम्हाला काहीही आठवणार नाही. लिहायचं ते बोललेलं वाक्य, जसंच्या तसं, त्याच्या हेलासकट. किंवा हाताने केलेली कृती.

माझ्या वहीतल्या दोन नोंदी देते.

एसटीत, वडूजच्या अलीकडे. आजी कंडक्टरला: "अर्धं तिकीट दे, पर खिडकी पुरी दे."

दवाखान्यात रांगेत. नवरा बायकोला, हळू आवाजात: "डॉक्टरांना तू सांग. मी सांगितलं तर खरं वाटेल."

दुसऱ्या वाक्याने मला एक कथा दिली. पहिल्याने काहीच दिलं नाही, पण ते वाक्य मी फेकणार नाही, कधीतरी कोणाच्या तरी तोंडी बसेल. वहीत दहा नोंदी झाल्या की एखादी उगवते, हे प्रमाण वाईट नाही. पेरणीला लागतं त्याहून बियाणं जास्तच टाकावं लागतं.

ऐकायला चांगल्या जागा म्हणजे जिथे माणसं अडकून पडलेली असतात: एसटी स्टँड, रेशनची रांग, तेराव्याचं जेवण, लग्नातली शेवटची पंगत, मुंबईच्या लोकलचा महिलांचा डबा. हॉटेलात माणसं ऐकू जाण्यासाठी बोलतात, तिथे फारसं मिळत नाही. फोनवर रेकॉर्ड करू नका. तो आगाऊपणा तर आहेच, पण त्याने कानही आळशी होतो. लक्षात राहिलं तेवढंच कामाचं.

आणि ज्यांना आसपास बोलणारं कोणी नाही, म्हणजे परदेशात एकट्या फ्लॅटमध्ये बसून मराठी कथा लिहिणारे माझे काही वाचक, त्यांनी जात्यावरच्या ओव्या वाचाव्यात. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या संकेतस्थळावर त्यातल्या पुष्कळ फुकट वाचायला, ऐकायला मिळतात. पहाटे घरातले पुरुष झोपलेले असताना बाईने जात्याला जे सांगितलं ते तिने दिवसाउजेडी कोणालाही सांगितलं नसतं. कथेला हेच हवं असतं. ओवी उचलून कथेत चिकटवू नका. ती म्हणणारी बाई त्या सकाळी कोणावर चिडली असेल, एवढंच शोधा.

पायरी सहावी: मोठ्या घटनेला लहान प्रश्न

कधी ना कधी तुम्हाला मोठ्या घटनेवर लिहावंसं वाटेल. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पाणी शिरलं ते, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला मुंबईतला गिरणी संप, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेला किल्लारीचा भूकंप, २६ जुलै २००५ चा मुंबईतला पाऊस. लिहा, हरकत नाही. पण पूर लिहायला गेलात तर वर्तमानपत्राचा अग्रलेख होईल. पुरात काय वाचवलं ते लिहा.

आजी-आजोबांना विचारताना "पानशेतचं काय आठवतं?" असं विचारू नका. ठरलेलं उत्तर येतं, ते त्यांनी शंभर वेळा सांगितलेलं असतं आणि ते घोटून घोटून गुळगुळीत झालंय. विचारा, "घरातून निघताना हातात काय घेतलंत?" एका आजींनी मला सांगितलं, "लोणच्याची बरणी. का ते विचारू नकोस, दागिने कपाटातच राहिले." आणखी एकाला विचारलं, संपात घरातलं पहिलं काय विकलं? त्याने बराच वेळ छताकडे बघितलं आणि म्हणाला, "पंखा. पण विकला नाही असं बायकोला सांगितलं, दुरुस्तीला दिलाय म्हटलं." मग ती बाई किती दिवस "झाला का दुरुस्त?" विचारत राहिली असेल? अठ्ठेचाळीस शब्दांत सगळा संप आला.

(अठ्ठेचाळीस मोजले नाहीत. पण तेवढ्यात येईल.)

जागेचंही तेच. उजनी धरणाच्या पाण्यात पळसदेवचं जुनं मंदिर बुडालेलं आहे. पाणी खाली गेलं की ते वर येतं आणि मग लोक बघायला जातात, फोटो काढतात. फोटो काढणाऱ्या गर्दीत एक माणूस असा असू द्या जो मंदिराकडे पाठ करून चिखलात आपल्या घराचा उंबरा शोधतोय. आणि त्याच्या नातवाला कंटाळा आलाय.

पायरी सातवी: दोन बीजं एकमेकांत घुसवा

कधीकधी बीज चांगलं असतं पण दोन पानांत संपतं. मग वहीतली दुसरी, काहीही संबंध नसलेली नोंद त्याला जोडून बघा. दुरुस्तीला दिलेला म्हणून सांगितलेला पंखा, आणि "तू सांग, मी सांगितलं तर खरं वाटेल" म्हणणारा नवरा. एकाच घरात ठेवा दोघांना. आता खोटं बोलणारा माणूस एकदाच बोलत नाही, त्याची ती रीत आहे, आणि बायकोला ती ओळखू येते. कथेला पाठीचा कणा मिळाला. दहातल्या आठ जोड्या जुळत नाहीत. दोन जुळतात.

पायरी आठवी: चाळणी

लिहायला बसण्याआधी बीज एकदा चाळून घ्या. शेवट आधीच दिसतोय का? मग सोडा, किंवा तो शेवट पहिल्या पानावर आणून ठेवा आणि त्यानंतर काय झालं ते लिहा. सगळी सहानुभूती एकाच माणसाकडे जातेय का? मग दुसऱ्याच्या बाजूने पुन्हा विचार करा. शेवटी हे सगळं स्वप्न निघणार आहे का? कृपा करा. गठ्ठ्यात दर वर्षी अशा दोनतीन कथा असतात आणि त्या लिहिणाऱ्याचं मला वाईट वाटतं, कारण बहुतेकदा स्वप्न चांगलं जमलेलं असतं आणि जागं होण्याने घात होतो.

हल्ली काही जण एआयला बीज मागतात. मीही मागून बघितलं. त्याने मला वृद्धाश्रम दिला, जुनी पत्रं दिली आणि पावसाळी रात्रीची रेल्वे दिली. गठ्ठ्यात तेच होतं.

खऱ्या माणसांबद्दल

हे आधीच सांगायला हवं होतं. माझी दुसरीच कथा छापून आली ती नात्यातल्या एका बाईंवरून घेतलेली. मी नाव बदललं, गाव बदललं आणि स्वतःला शहाणी समजले. पण बोलताना खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरायची त्यांची सवय मी तशीच ठेवली होती, फार सुंदर होती म्हणून. अंक घरोघर गेला. पहिल्या पानावरच त्यांना त्यांची बोटं दिसली. त्या वर्षी भाऊबीजेला आमच्याकडे चार पानं कमी मांडली गेली, आणि पुढची दोन वर्षं तशीच.

तेव्हापासून माझा नियम ठरलाय. खऱ्या माणसाकडून फक्त अडचण घ्यायची, सवयी घ्यायच्या नाहीत. नातं बदलायचं (बहिणीची अडचण शेजाऱ्याला द्यायची), धंदा बदलायचा, वय पंधरा वर्षांनी पुढेमागे करायचं. गंमत अशी की एवढं बदलल्यावर कथा जास्त खरी होते, कारण आता तुम्हाला ते माणूस आठवावं लागत नाही, घडवावं लागतं. ज्याने विश्वासाने काही सांगितलं त्याची गोष्ट त्याच्या हयातीत लिहू नका, बदलूनही नाही. तेवढी एक रांग सोडून बाकी सगळीकडे पेरा.

शेवटची पायरी: दोन दिवसांच्या आत एक पान

बीज पक्कं झालं की कोणालाही सांगू नका. सांगितलं की वाफ जाते, आणि समोरच्याने "छान आहे" म्हटलं की आपल्याला काम झाल्यासारखं वाटतं. दोन दिवसांत पहिलं पान लिहा, मग ते फाडावं लागलं तरी. पहिलं पान वातावरणनिर्मितीचं नको. 'संध्याकाळची उन्हं कलली होती' हे वाक्य गठ्ठ्यातल्या इतक्या कथांत असतं की उन्हं आमच्याकडे कायमची कललेली आहेत. झाकण उघडण्यापासून सुरुवात करा. अंगठा घेण्यापासून करा.

अडलात तर परत तीन प्रश्नांकडे जा. बहुतेकदा 'आजच का' याचं उत्तर कच्चं राहिलेलं असतं.

आणि अगदीच काही हाताशी नसेल तर माझ्या वहीतली एक नोंद घ्या. स्वारगेट, रात्रीचे साडेअकरा. एक बाई, हातात कापडी पिशवी, चौकशीच्या खिडकीशी येते. "शेवटची गाडी गेली का?" आतला माणूस मान वर न करता म्हणतो, "गेली." बाई म्हणते, "बरं झालं," आणि बाकावर जाऊन पिशवीतून डबा काढते.

चार वर्षं ही नोंद पडून आहे. माझ्याशी ती बाई बोलत नाही. बघा, तुमच्याशी बोलते का.